पोटात जागा नसलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, पण लॅपटॉप म्हणवून घेताना मला अजूनही संकोच वाटतो. दुकानात मला मोठ्या, चकचकीत लॅपटॉपांच्या शेजारी मांडले होते. गिऱ्हाईक मला उचलून बघे, "खेळण्यातला आहे का हो?" असे विचारी आणि परत ठेवून देई. अंगावर प्लॅस्टिकचे कवच, कळा दाटीवाटीने बसवलेल्या आणि पोटात जागा म्हणाल तर अगदी बेताची. मला बनवलेच तसे, त्याला मी तरी काय करणार?

मला विकत घेतले ते लिफ्ट तपासणाऱ्या एका ताईने. तिला हलका, पिशवीत मावणारा आणि हातातून पडला तरी फार हळहळ वाटणार नाही असा सोबती हवा होता. जिन्याच्या पायरीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत, कधी गच्चीवरच्या टाकीला टेकून ती मला मांडीवर उघडायची आणि दोर किती झिजला, दार नीट लागते का, ते टिपून ठेवायची. माझ्या कडेला लागलेले ग्रीसचे डाग अजून निघालेले नाहीत. "बारका आहे, पण कामाचा आहे," असे ती लोकांना सांगे, तेव्हा मला अगदी धन्य धन्य वाटे.

हळूहळू लिफ्टांच्या फोटोंनी माझे पोट भरले. मित्रांनो, मला तोंड नाही. काही सांगायचे तर पडद्यावर एक छोटी चौकट आणायची, एवढीच माझी भाषा. "जागा संपत आली आहे," अशी चौकट मी आणू लागलो. सुरुवातीला ताईने थोडेफार पुसले. पण मी रोजच रडगाणे गाऊ लागलो आणि ती कंटाळली. चौकट आली की न वाचता "नंतर" दाबायचे, ही त्या घराची रीतच होऊन बसली. संध्याकाळी ताईची आत्या माझ्यावर पत्ते खेळायची. तिलाही ताईने हेच शिकवले होते, "काहीही वर आलं की 'नंतर' दाब. तो असाच कुरकुरतो."

ताईचे वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची माणसेही बोली लावत. सगळे त्यांना भोंगा म्हणत आणि त्यांना ते आवडायचे. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल. आवाज कायमचा जाईल. ताईला तेव्हा दिवस गेले होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने मला वडिलांसमोर ठेवले.

"बाबा, बाळासाठी काहीतरी बोला ना. त्याला तुमचा आवाज कळायला नको का?"

तिने रेकॉर्डिंग सुरू केले आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत माणसे होती. "आत्या, लक्ष ठेव गं, मी आलेच," म्हणत ती धावली.

बाबा माझ्यासमोर बसून नुसतेच आढेवेढे घेत राहिले. तेवढ्यात माझी उरलीसुरली जागा संपली. मी चौकट आणली, "जागा संपली आहे. रेकॉर्डिंग थांबले आहे." आत्याचे सगळे लक्ष भावाकडे होते. तिने सवयीने "नंतर" दाबले.

आणि मग बाबा उठून उभे राहिले. मित्रांनो, त्यांनी घरातच लिलाव मांडला! झाकण हरवलेली किटली उचलून म्हणाले, "बघा मंडळी, हिच्या चहावर माझा संसार उभा राहिलाय. बोला!" मग ताईने लहानपणी मोडलेली छत्री आली, तिचा किस्सा आला. आत्या हसता हसता रडत होती. शेवटी त्यांनी हात उंचावला, "आणि मंडळी, हा माझा आवाज! उद्यापासून बाजारात मिळणार नाही. एक वार... दोन वार... जा बाळा, तुला दिला!"

मी सगळे ऐकत होतो आणि त्यातले काहीच ठेवू शकत नव्हतो. मी पुन्हा चौकट आणली. आत्याने डोळे पुसत पुन्हा "नंतर" दाबले. आज मी तुम्हाला ते शब्द सांगतो आहे, पण आवाज कुठून आणू?

ताई थकूनभागून परत आली. "झालं का बोलून?" तिने विचारले. "अगं, काय बोलला तुझा बाप!" आत्या म्हणाली. ताईने समाधानाने माझे झाकण मिटले. पुढे दवाखान्याची धावपळ झाली, बाबा वाचले, मुलगी झाली. मग एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन ताईने मला उघडले. सगळे भोवती बसले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खाकरले आणि बाबांचा आवाज आला, "बंद कर गं ते. मला नाही बोलायचं."

बस, एवढेच.

"पुढे आहे गं, पुढे खूप आहे!" आत्या म्हणत राहिली. ताई शोधत राहिली. दुरुस्तीवाला म्हणाला, "जे साठलंच नाही, ते मी काढू कुठून?" बाबांनी लिलाव पुकारायला तोंड उघडले आणि तसेच मिटून घेतले. त्या दिवशी मला माझ्या बारकेपणाचा मनापासून राग आला.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. आम्हा स्वस्तातल्या यंत्रांची कुरकुर कंटाळवाणी असते, मान्य आहे. पण चौकट आली की ती एकदा वाचत जा. आम्हाला दुसऱ्या कोणत्याही प्रकारे हाक मारता येत नाही.

ती मुलगी आता मला स्वतः उघडते आणि आजोबांचा आवाज पुन्हा पुन्हा लावते. मग शेजारी बसलेल्या आजोबांकडे बघून विचारते, "आजोबा, तुम्हाला माझ्याशी का नाही बोलायचं?"

आजोबांना सांगता येत नाही. मलाही नाही.