दगडी होडीतलं पाणी

आमच्या बेटावरच्या गावाची होडी दगडाची आहे आणि टेकडीच्या माथ्यावर आहे. गावाची बैठक तिच्यातच भरते. पूर्वज समुद्रावरून आले तेव्हा होडीत जो जिथे बसला होता, तिथेच आज त्याचं घराणं बसतं. मेल्कियास काका सुकाणूपाशी, बाकीचे वल्ह्यांवर, आणि मधे खाली आमचं घराणं, पाणी उपसणारं. माझा नवरा दर बैठकीला करवंटीने कोरड्या दगडातून नसलेलं पाणी उपसून बाहेर फेकायचा. कोणी हसायचं नाही.

तो गेला. मागे मी आणि मुलगी. होडीत ज्याची जागा नाही तो गावाचा नाही. त्याला ना नारळाच्या बागेत वाटा, ना मेल्यावर पुरायला जमीन. म्हणून दुखवटा संपताच मी करवंटी घेऊन टेकडी चढले.

"सूनबाई, तू कुठं निघालीस?" काकांनी अडवलं.

"जागेवर."

"बाईमाणसाचं काम नाही ते. आणि खरं सांगू? दगडाच्या होडीत पाणी उपसणारा हवाच कशाला?"

"मग तुम्ही सुकाणू धरून कुठं वळवताय टेकडी?"

काकांना राग आला. त्यांनी माझ्या जागी रोडेलिओला बसवलं. हा बंदरात आलेला फिलिपिन्सचा खलाशी. पाचाला आमच्यासारखंच 'लिमा' म्हणाला, तेवढ्यावर भाऊबंद ठरला! माझी मुलगी याच टेकडीवर जन्मली, ती मात्र परकी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या बैठकीत काकांनी रिवाजाप्रमाणे पूर्वजांच्या वाटेवरच्या बेटांची नावं उलट क्रमाने म्हटली. हे बेट, त्याआधीचं, त्याच्याही उत्तरेचं. जिथून सगळे निघाले त्या बेटाचं नाव कोणालाच आठवत नाही, म्हणून त्या नावाच्या जागी सगळे एकदम खोकतात. खोकून झालं आणि होडीत पाणी भरायला लागलं.

खारं पाणी. रोडेलिओच्या चपलेत मासा निघाला. लोक टोप्यांनी उपसू लागले, पण जेवढं बाहेर टाकावं त्याच्या दुप्पट आत. उतरायची सोय नाही, कारण बैठक मोडायच्या आत जो उतरला तो बुडाला असं धरतात, आणि त्याची बायको लगेच रडायला बसते.

मी बाहेर धोंड्यावर बसून मुलीबरोबर उकडलेला कसाव्याचा कंद खात होते.

"सूनबाई! बघतेस काय? उपस!"

"बाईमाणसाचं काम नाही ते."

पाणी छातीला लागलं. "अगं, गावासाठी तरी!"

"कुठलं गाव? आम्ही परके."

"जागा तुझी! तुझ्यामागं पोरीची! झालं समाधान?"

"नाही. बेटांची नावं घेता तसं माझं घ्या. मोठ्यानं."

पाणी हनुवटीला टेकलं तेव्हा काकांनी मान वर केली आणि ते ओरडले, "पाणी उपसणारी पेत्रोनेला!"

लग्न होऊन आल्यापासून या गावात कोणी मला नावाने हाक मारली नव्हती. मला रडूच कोसळलं, खोटं कशाला सांगू. तशीच रडत आत उतरले. रोडेलिओ मुकाट्याने सरकला. माझ्या करवंटीने पाणी भराभर ओसरलं.

आता दर बैठकीला मी उपसते. मुलगी शेजारी बसून शिकते. परवा तिने खाली बोट दाखवलं, "आई, तळाशी ओंजळभर राहिलंय."

"राहू दे," मी म्हटलं. "पाय कोरडे झाले की यांना आपली नावं आठवत नाहीत."