चमचा खाली ठेवा, काका

बाबांना मरणानं नाही मारलं, चमच्यानं मारलं. आठ वर्षांपूर्वी, याच खोलीत. अकरा नातेवाइकांनी ओळीनं गंगाजल पाजलं आणि बाबा ठसकत, डोळे फाडून, गुदमरून गेले. लोक म्हणाले, नशीबवान, सगळ्यांच्या हातचं पाणी मिळालं. तेराव्यानंतर आई मला एवढंच म्हणाली, "प्रमोदिनी, माझ्या वेळी हे होऊ देऊ नकोस."

आता तिची वेळ आली होती. कॅन्सर यकृतात पसरलेला. घरी येणाऱ्या नर्सनं, सरोजिनीताईंनी, मला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. आधी भूक जाईल, मग झोप वाढेल, गिळणं बंद होईल. पाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळे डाग येतील, श्वास थांबून थांबून येईल. "घाबरायचं नाही. शरीर दुकान आवरतंय. कान मात्र बहुतेक शेवटपर्यंत उघडे असतात."

मंगळवारी सकाळी गुडघे जांभळे दिसले. मी फोन केले. दहा वाजता राजवाडा भागातून गोपीनाथकाका आले, बाबांचे धाकटे भाऊ. मागे सात-आठ जणांची वरात. काकांच्या एका हातात तांब्या, दुसऱ्यात चमचा.

मी पलंगासमोर आडवी आले. "चमचा खाली ठेवा, काका."

"पागल झालीस का? वहिनीला प्यासी पाठवणार?"

"तिला गिळता येत नाही. पाणी छातीत जाईल."

"आपल्या खानदानात असं कधी झालं नाही!"

"झालं ना. बाबांचं झालं. पहिला चमचा तुमचाच होता."

काकांची सून प्रियंका पुटपुटली, "दीदी, थोडा लिहाज... मोठे आहेत ते."

"लिहाज आठ वर्षं केला. बस झाला."

तांब्यातलं पाणी काकांच्या शर्टावर सांडलं. "म्हणजे दादाला मी..."

नाही म्हणणं सोपं होतं. पण मी तसं म्हटलं नाही. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे."

कापसाचा बोळा त्यांच्या हातात दिला. "गंगाजलात बुडवा, घट्ट पिळा, नुसता ओठांना लावा. आणि बोला तिच्याशी. ऐकतेय ती."

काका वाकले. ओठ ओले केले. मग म्हणाले, "वहिनी, एकादशीच्या दिवशी उपास मोडून सराफ्यातल्या ठेल्यावर भुट्ट्याचा कीस खाताना पाहिलं होतं मी तुम्हाला. दादाला कधी नाही सांगितलं."

आईची भुवई हलली. देवाशप्पथ हलली! प्रियंका रडता रडता फिस्सकन हसली. मग एकेकानं बोळा मागून घेतला.

दुपारी श्वास थांबला. आला. पुन्हा थांबला. आम्ही वाट पाहिली. आला नाही. ना ठसका, ना तडफड. चेहरा असा, जणू आत्ताच कूस बदलून झोपलीय. मला रडू आलंच, पण त्याआधी टाळी वाजवावीशी वाटली. शब्द पाळला होता मी.

काल देपालपूरहून प्रियंकाचा फोन आला. काकांचे साडू शेवटच्या घटका मोजतायत, म्हणून ती सासऱ्यांबरोबर तिथं गेलेली.

"दीदी, पापाजी दारात खुर्ची टाकून बसलेत. पाच चमचे जप्त करून खिशात ठेवलेत, आणि जो येईल त्याच्या हातात कापूस!"