चार बोटं माया

"शिवण उसव गं, कापड फाडू नकोस," वडील मशीनवरून म्हणाले.

मुलीने ब्लेड जपून धरलं. मांडीवर तिचाच शाळेचा निळा स्कर्ट होता. आठवी संपली होती, त्याच शाळेचे नववीचे वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडे लांब होते, आणि वडिलांनी कालच सांगून टाकलं होतं, झालं तेवढं पुरे, आता दुकानात बस. स्कर्ट तसाही आखूड झाला होता. त्याच्या पिशव्या होतील. चांगलं कापड वाया कशाला घालवायचं!

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. वडिलांचा हात कात्रीवर अजून पक्का होता, डोळ्यांनी मात्र दगा दिला होता. सुई ओवताना दोरा हटकून बाजूने जायचा. मग लेकीला हाक. कबूल करतील तर शपथ! "हल्लीच्या सुयांना धड भोकंच नसतात," म्हणायचे.

आई इस्त्री करत होती. कालपासून ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. इस्त्री मात्र जरा जास्तच आपटत होती.

खालची तुरपाई सुटली आणि मुलगी थांबली. आत माया म्हणून दुमडलेल्या कापडाची घडीवर घडी होती. तिने बोटं लावून पाहिली.

"बाबा, गिऱ्हाइकाच्या कपड्यात तुम्ही माया किती सोडता?"

"एक बोट. फार तर दीड."

"यात चार बोटं आहे."

मशीन थांबलं.

"सहावीत शिवला होता तुला," ते म्हणाले. "वाढतं अंग."

"म्हणून एवढी?"

"मग! दहावीपर्यंत पुरायला हवा होता ना."

बोलून गेले, आणि मग ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. इस्त्रीचाही आवाज बंद झाला होता. लेकीकडे बघवेना, म्हणून ते स्कर्टकडेच बघत राहिले. फार वाईट वाटलं त्यांना.

थोड्या वेळाने ते उठले. स्कर्ट टेबलावर पसरला, घडी उलगडली, हाताने सपाट केली. जुन्या दुमडीची फिकी रेघ काही जाईना.

"रेघ दिसेल," ते पुटपुटले.

"दिसू दे," आई म्हणाली आणि इस्त्री त्यांच्यापुढे सरकवली.

नवी तुरपाई घालायला त्यांनी सुई घेतली. दोरा एकदा बाजूने गेला, दुसऱ्यांदाही गेला. मुलीने हात पुढे केला. या वेळी त्यांनी सुयांना नावं ठेवली नाहीत.

"सकाळी शाळेत जाण्याआधी दहा-बारा सुया ओवून ठेवत जा," ते म्हणाले.

"काळ्या की पांढऱ्या?"

"दोन्ही. आणि दोरा जरा लांब घे. तू घरी येईपर्यंत पुरायला हवा."