भिंतीकडची बाजू

संतोषनं मशीनवरचं कापसाचं तिसरं पोतं ओढून खाली टाकलं, तशी मीनल धुळीतून दोन पावलं मागे सरली. धूळ बसायला वेळ लागला. मग काच दिसली. काचेवर सर्कशीतल्या तीन बायका धावत्या घोड्यांवर उभ्या होत्या, आणि तिघींच्याही अंगावर हिरवी, काठपदराची लुगडी होती.

"पाह्य," संतोष म्हणाला. "असली माल. अमेरिकेतला. पन्नास वर्षांचा."

"अमेरिकेतल्या बाया लुगडं नेसतात काय?" मीनलनं विचारलं.

बाजेवर बसलेले चंपतराव खोकले. तो खोकला होता की हसणं, हे त्यांनी दोघांनाही कळू दिलं नाही. एके काळी आदिलाबादच्या बसस्टँडमागे त्यांचं गेमचं दुकान होतं आणि सिकंदराबादच्या एका क्लबानं मोडीत काढलेली, लोखंडी गोळी पट्ट्यांनी उडवत ठेवायच्या खेळाची ही पिनबॉलची मशीन त्या दुकानाचा तोरा होती. काचेवरच्या बायका मुळात अगदी तोकड्या कपड्यांत होत्या. असल्या उघड्या बाया दुकानात लावल्या तर मी माहेरी निघाले, असं चंपतरावांच्या बायकोनं, बयनाबाईंनी, बजावलं. तेव्हा निर्मलहून चितारी बोलावून तिघींना लुगडी नेसवावी लागली. पुढं दुकान बंद पडलं, मशीन बेला गावातल्या घरी आली आणि मागच्या खोलीत कापसाखाली गाडली गेली.

"हैदराबादचा तो मशीनचा व्यापारी दुकानातला जुना फोटो पाहून काय बोलला, ऐकलं ना तू?" मीनल म्हणाली. "काच रंगवली म्हणजे असलीपणा गेला. त्याची नवी मशीन घेऊ. हेच चित्र, हेच घोडे, बाया होत्या तशा. वायरिंग नवं, दोन वर्षांची वारंटी. हिची एक कॉइल जळाली तर तू कोठून आणशीन, दादा?"

"नक्कल ते नक्कलच."

"हिच्यापेक्षा ती नक्कल जास्त असली आहे."

"तुले त्यातलं काय समजते?" संतोष म्हणाला. "ही मशीन म्या खेळलेली आहे. माझं नाव आहे हिच्यावर."

हेच ते. ह्या एका वाक्याची मीनल आदिलाबादहून निघाल्यापासून वाट बघत होती आणि गाडीत ते तीनदा येऊन गेलंही होतं. मावल्याजवळ हायवेला वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलेल्या जागेवर त्यांचं हॉटेल आणि खेळघर उभं राहत होतं. वर्षभर उन्हातान्हात गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहिली ती मीनल. दसऱ्याच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर मात्र ठळक अक्षरांत संतोष होता आणि मीनल 'समस्त परिवार' ह्या दोन शब्दांत मावली होती. आता दारातच त्याला ही मशीन हवी होती, बाजूवर त्याचं नाव लिहिलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो लाखाची गोष्ट सांगणार होता, आणि ती गोष्ट त्याची नव्हती.

गोष्ट मीनलची होती. ती अकरा वर्षांची होती आणि घरी जेवायला बोलवायला म्हणून संतोषला शोधत त्या दुकानात गेली होती. त्याच वेळी वडील, यशवंतराव, रस्त्यावरून येताना दिसले, तसा संतोष मागच्या दारानं पळाला. त्याची शेवटची गोळी मशीनमध्ये तशीच राहिली होती. ती मीनलनं खेळली. मुद्दाम नाही, समोर होती म्हणून. ती डावखुरी असल्यानं डावी पट्टी तिच्या हाती अशी काही चालली की गोळी खाली जाईच ना. घंटा वाजत राहिल्या, आकडे नव्व्याण्णव हजारांवरून गरकन फिरून शून्यावर आले आणि काचेच्या कोपऱ्यात लाखाचा लाल दिवा लागला. तो दिवा त्या दुकानात आधी कोणी पाहिला नव्हता. चंपतरावांना तर तो बिघडलेला वाटायचा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. वजनकाट्यापासून नांगरापर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी चंपतरावांच्या दुकानात मशीनची व्हायची, आणि वर्षातला सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्याच्या पंजाचा ठसा मशीनच्या अंगावर उमटवायचा असा त्यांनी रिवाजच पाडला होता. कुंकू पुसलं जातं म्हणून लाल ऑइलपेंट. मीनल सकाळी एकटीच गेली, परकराला हात पुसले आणि ताटलीत पंजा बुडवून मशीनवर ठेवला.

"डावा?" चंपतराव ओरडले होते. "खंडेनवमीले डावा हात? अक्कल आहे का नाई? पुसतो मी हा. उद्या तुया भावाले पाठव. पोरीचं नाव दुकानात लिवता येत नाई तसंही."

तिनं निरोप दिला. संतोष गेला आणि परत येऊन म्हणाला, माझं नाव लिहून घेतलं. वर मीनल गेमच्या दुकानात जाते, असं वडिलांच्या कानावरही त्यानंच घातलं; स्वतः कुठे होता ते मात्र सांगितलं नाही. यशवंतरावांनी चार लोकांच्या सह्या घेऊन तहसिलात अर्ज दिला आणि महिनाभरात दुकानाला कुलूप लागलं. मीनलचं एकटीनं बाजारात जाणं बंद झालं ते थेट लग्नापर्यंत. संतोषची गोष्ट मात्र दर वर्षी वाढत गेली. आधी त्यात नुसतं नाव होतं, मग लाखाचा दिवा आला, मग हाताचा ठसा आला. हल्ली तो ती इतकी मनापासून सांगायचा की खोटं बोलतो आहे हे त्याला स्वतःलाही आठवत नसावं. मीनलला त्या गोष्टीचा वीट आला होता. नव्या मशीनमध्ये ज्याचा आकडा मोठा, त्यानं आपल्या बोटांनी आपलं नाव पडद्यावर टाकायचं असतं. तिला तीच हवी होती.

चंपतरावांनी भिंतीवरचं बटण दाबलं. मशीन गुरगुरली, लुगडेवाल्यांच्या मागचे निम्मे दिवे लागले.

"खेळ," ते संतोषला म्हणाले. "लाखवाला ना तू? खेळून दाखव."

संतोषनं बाह्या सरसावल्या. पहिली गोळी मधूनच खाली गेली. दुसरी दोन घंटा वाजवून गेली. तिसरीला त्यानं मशीनला मांडीनं धक्का दिला, तसे दिवे विझले आणि खेळ थांबला.

"हलवलं की मरते ते," चंपतराव म्हणाले. "विसरला वाटते."

"पट्ट्या ढिल्या झाल्या आहेत, काका."

"आमी ढिले नाई झालो. तुमच्या बापानं दुकान बंद पाडलं, तईपासून वाट पाहून राह्यलो. यशवंतरावाचं कोणी दारात आलं तर पाणी विचारायचं नाई, असं ठरवलं होतं म्या."

पाणी खरंच कोणी विचारलं नव्हतं. बयनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तांब्या नव्हता.

"मंग विकून काऊन राह्यले?" मीनलनं विचारलं.

"विकतो कोण म्हणलं? तुमी पाहाले आले, पाहा."

संतोषला असल्या बोलण्यानं राग यायचा, पण आपल्या नावासोबत फोटो काढायचा मोह मोठा होता. नाव कुठं आहे, असं त्यानं विचारलं. चंपतरावांनी हनुवटीनं भिंतीकडची बाजू दाखवली. मशीन त्या अंगानं भिंतीला चिकटून होती. संतोषनं एक टोक धरलं, मीनलनं दुसरं. चंपतराव बसून राहिले. पाय फरशीवर कर्कश घासत मशीन हातभर पुढं आली आणि मागून उंदरानं कुरतडलेला कापूस खाली पडला.

नाव होतं. 'संतोष', आणि खाली 'एक लाख'. चिताऱ्यानं अक्षरांना पिवळी सावलीसुद्धा दिली होती. त्याखाली लाल पंजा होता, लहान, बोटं फाकलेली.

मीनलनं त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. बघायचंच नव्हतं म्हणून तर ती इतके दिवस भांडत होती.

"धर फोन," संतोष म्हणाला. "हात ठेवून उभा राहतो. पत्रिकेसोबत हाच फोटो पाठवू सगळ्यांले."

तो मशीनशेजारी वाकला, उजवा हात पंजावर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. मीनलनं फोन वर धरला. पडद्यावर त्याचा जाडजूड हात होता, अंगठा डावीकडे. आणि त्याच्या करंगळीच्या पलीकडे, उजव्या बाजूला, एक छोटासा लाल अंगठा बाहेर आला होता.

बटणावर ठेवलेलं बोट तिनं उचललं.

"काढला का?"

"हात नीट बसव," ती म्हणाली. "ठसा दिसला पाह्यजे."

संतोषनं खाली पाहिलं. हात उचलला, जरा सरकवून पुन्हा ठेवला. अंगठा तरीही पलीकडेच राहिला. मग त्यानं हात हळूच फिरवून पाहिला, बोटं खाली, आणि पुन्हा वर. शेवटी काही न सुचून त्यानं डावा हात ठेवला. तो बरोबर बसला. मोठा होता, पण बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा. तो हात तिथं ठेवून तो तसाच ओणवा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं फोटोचं हसू उतरत गेलं.



"पुसतो म्हणले होते तुमी," मीनल म्हणाली. ती चंपतरावांकडे वळली होती, पण नजर पंजावर होती.

"पुसणार होतो. टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसलो होतो," ते बयनाबाईंकडे हात करून चिडून म्हणाले. "हिनं हात धरला. पूजेत लावलेला हात पुसत नसतात म्हणे. डावा असो का उजवा. एकावर दुसरा लावूही नाई दिला. हा सकाळी आला, याले नाव लिवून देलं अन् हाकललं."

"पोरीचा हात होता तो," बयनाबाई प्रथमच बोलल्या. "देवीच्या दिवसात."

मीनलचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा संताप आला. ह्या माणसांसमोर तर मुळीच नको होतं.

संतोष सरळ झाला. हाताला काही लागलं नव्हतं, तरी त्यानं तो पँटला पुसला.

"चाल," तो म्हणाला. "तू म्हणते तेच बरोबर आहे. नवी घेऊ."

"काऊन?"

"वायरिंग जुनं आहे. कॉइल जळाली तर कोठून आणायची? वारंटी नाई. अन् काच पाह्य कशी करून ठेवली." तो दाराकडे निघाला होता. "असलीपणा काय राह्यला हिच्यात?"

"हीच न्यायची," मीनल म्हणाली.

"मीने, आत्ता तर तू—"

"हीच. दारासमोर ठेवायची, ही बाजू बाहेर करून." ती चंपतरावांकडे वळली. "देता का नाई, ते सांगा. वारंवार येणार नाई मी."

चंपतरावांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. यशवंतरावांच्या घरच्यांना काही द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"न्या," ते अखेर म्हणाले. "खोली मोकळी होईन. कापूस ठेवाले जागा नाई मले." मग थोडं थांबून, "टर्पेंटाइन आहे घरात. वरचं नाव काढून देऊ का?"

दारात पोचलेला संतोष थांबला.

मीनलनं ओढणीच्या टोकानं पंजावरची धूळ पुसली, आधी तळवा, मग एकेक बोट. वरच्या अक्षरांना तिनं हात लावला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "नाव राहू द्या अन् हातही राहू द्या."

"लोक विचारतीन ना," संतोष म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"मंग सांगजो," मीनल म्हणाली. "नेहमी तूच तर सांगत असतो."

अंगणात जाऊन त्यानं गाडीचं दार उघडलं आणि आत न बसता तसाच उभा राहिला. मीनलनं फोनवर टेम्पोवाल्याचा नंबर शोधला आणि माणसं चार लागतील, दोन नाही, असं त्याला नीट समजावून सांगितलं. तिचं बोलणं संपेपर्यंत बयनाबाई आत जाऊन तांब्या घेऊन आल्या होत्या.