भीड आणि ब्रेक

उत्तराला एकच गाडी परवडणार होती आणि तिच्याकडून दोन कामं हवी होती. रोज फरीदाबादहून नोएडाच्या ऑफिसला न कुरकुरता जायचं, आणि एखाद्या रविवारी ग्रेटर नोएडाच्या रेसिंग ट्रॅकवर पळायचं. तिथल्या लांबलचक सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडीवर डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो. जुन्या गाडीने नेमका तिथेच दगा दिला होता. ब्रेकचं पेडल तळाला गेलं, उत्तरा ट्रॅककडेच्या वाळूत जाऊन थांबली. पुन्हा असं झालं तर हा नाद कायमचा सोडायचा, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

गुरुग्रामच्या कुणा गुणवंत काकांची लाल कूपे विकायला होती. दोन दारं, मॅन्युअल गिअर, आणि मागची सीट नावापुरती. नवरा नचिकेत हरखला तो मात्र गाडीमुळे नव्हे. फोनवर पलीकडून मराठी ऐकू आलं, एवढ्यावरच स्वारी खूश! दिल्लीत वर्षानुवर्षं काढलेल्या मराठी माणसाला दुसरा मराठी माणूस भेटला की त्याची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेरच राहते, त्याला कोण काय करणार?

"आपला माणूस आहे यार," तो म्हणाला. "बिल्कुल टेन्शन नाही."

चालवून बघताना उत्तराने रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबता थांबता किंचित डावीकडे ओढली गेली. तिने पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"रस्ताच त्या बाजूला उतरता आहे," मागे घडी होऊन बसलेला नचिकेत म्हणाला. शेजारी बसलेले गुणवंत काका खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून बघायची आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. पण काकांच्या घरी पोचतात तोच अलकनंदाकाकूंनी पानं वाढली. भरली वांगी, गरम पोळ्या आणि वर आग्रह. त्यात काकूंचं माहेर नचिकेतच्या आजोळाशेजारचं निघालं. झालं! आता यांच्या घरचं जेवून यांच्याच गाडीच्या पोटाखाली शिरायचं ते कोणत्या तोंडाने? भीड ही चीजच वाईट. भल्याभल्यांची बोलती बंद करते आणि वर त्याला संस्कार म्हणवून घेते.

नचिकेतने हात धुऊन फोन काढला. "काका, टोकनचे पैसे पाठवून टाकू का?"

काका ताटातल्या भाताकडे बघत म्हणाले, "बघा... तुमची मर्जी."

उत्तराच्या डोळ्यांसमोर तो सरळ पट्टा आला. तिने हातातला घास ताटात ठेवला. ऑफिसात साहेबांशी भांडतानाही तिला एवढा धीर गोळा करावा लागला नव्हता.

"काका, राग मानू नका. गाडी ब्रेकला डावीकडे ओढते. मला ती लिफ्टवर चढवून बघायचीय."

नचिकेतने डोळेच मिटले. काकूंचा वाढता हात थांबला. आणि गुणवंत काकांनी मोठ्ठा श्वास सोडला.

"सुटलो बाई एकदाचा! ठोकलेली आहे ती. आमच्या धवलने कठड्यावर घातली. पोरगा वाचला, पण गाडीचा सांगाडा वाकला. सरळ करून घेतलाय, शहरात चालेल, ट्रॅकवर नको. आधी आलेल्या सगळ्यांना मी दारातच सांगितलं. अच्छा जी म्हणून गेले. तुम्ही मराठीत बोललात, ही जेवायला थांबा म्हणाली, आणि मग माझी जीभच रेटेना."

"आणि टोकन आलं असतं तर?" काकूंनी डोळे वटारले.

"रात्रभर तळमळलो असतो आणि सकाळी परत केलं असतं," काका ओशाळून म्हणाले.

सगळे हसत सुटले, नचिकेत जरा उशिरा. मग काका पोटभर जेवले. "बेटा, साधी सेडान घे," त्यांनी सांगितलं. "ताकद कमी असली तरी चालेल, पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली असू दे. ब्रेकचं तेल आणि पॅड नवे घाल, टायर उत्तम घाल. आणि हो, विकणारा मराठी नको!"

तशी गाडी पानिपतच्या एका पंजाबी ब्लँकेटवाल्याकडे मिळाली. "खोल के देख लो जी, पूरी खोल के!" तो गरजला. उत्तराने त्याने दिलेला लस्सीचा ग्लास बाजूला ठेवला, गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवली आणि कोपरान् कोपरा बघितला. हात काळे झाले, मन निवांत झालं. मग तिने लस्सी प्यायली.

ट्रॅकवर त्या पट्ट्याच्या शेवटी तिने ब्रेकवर पाय रोवला. बँक मॅनेजरची शोभावी अशी ती करडी सेडान शहाण्यासारखी नाकासमोर मंदावली आणि वळली. पुढच्या फेरीलाही तसंच. हेल्मेटच्या आत उत्तरा हसत होती आणि रडतही होती. केवढं ओझं उतरलं होतं!

बाहेर येऊन तिने पहिला फोन गुरुग्रामला लावला.

"काका, सरळ थांबली."

पलीकडे काका आत ओरडले, "अगं ऐकलंस का? सरळ थांबली! पोरगी ठीक आहे!" आणि पुढे त्यांना बोलता येईना, म्हणून फोन काकूंनी घेतला.