शेवटच्या डब्यापर्यंत

त्या रविवारी खुर्शीदा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून लोणावळ्याला घरी आली होती. वर्गात भाषण करायची पाळी आली की तिचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. हमीदभाई, तिचे अब्बा, स्टेशनवर पाटी घेऊन गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकत. दुपारी गाडी नसताना त्यांनी लेकीला रिकाम्या फलाटावर उभं केलं आणि आपण पार टोकाला जाऊन बसले.

"हां, बोल!"

ती बोलली.

"आगं, कुणाच्या कानात सांगतीस? अशी गुडदाणी इकली असती तर समदी आपल्यालाच खावी लागली असती!"

चहावाला मारुती खो खो हसला.

"म्होरचा डबा ऐकतोच," अब्बा म्हणाले. "शेवटच्या डब्यातल्या म्हाताऱ्याकडं बघून बोल. आन वराडायचं न्हाई. शबुद पोचवायचा."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याच्या गाडीत बसली, तेव्हा अब्बा तिच्या खिडकीशी उभे होते. फलाटावरच्या विक्रीचा ठेका महिपतशेठने नुकताच घेतला होता आणि जुन्या फेरीवाल्यांना तो हुसकावत होता. त्याने पाटीला हात घातला. हमीदभाई सोडेनात. शेठने त्यांच्या छातीला रेटा दिला, तेव्हा गाडी हललेली होती; ते चाकांखाली गेले.

"पाय घसरला बिचाऱ्याचा," शेठने पंचांपुढे सांगितलं. फलाटावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, मारुतीनेही. पोटं शेठच्या हातात होती. मग फौजदाराने खुर्शीदाला विचारलं. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

"भ्याली पोर," म्हणत शेठनेच तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. आणि ती ते पाणी प्यायली.

ते पाणी तिच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. कॉलेजच्या मैदानावर ती रोज बोलण्याचा सराव करत उभी राही. तिथल्या शिक्षिकाबाईंना वाटे, पोरीला वक्तृत्व स्पर्धेची ढाल हवी आहे. मैदानाच्या पलीकडच्या भिंतीशी खुर्शीदा मनातल्या मनात एकाला उभं करी. तो शेवटच्या डब्यातला म्हातारा नसे, महिपतशेठ असे. ढालही तिला मिळाली.

पुढे शेठने लोणावळ्यात शाळेची इमारत बांधून दिली. त्याच्या सत्काराला आभाराचं भाषण कोण करणार, असा प्रश्न निघाला. ढाल जिंकलेली गावची मुलगी होतीच. तिने लगेच हो म्हटलं.

"हीच ना ती, जिच्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता?" शेठ हारांच्या आडून हसला. "बोल पोरी, भिऊ नको. घसा सुकला तर पाणी हाय हितं."

लोक हसले. खुर्शीदाने पेला बाजूला सारला. शेवटच्या रांगेमागे, दाराशी, चहाची किटली घेऊन मारुती उभा होता. तिने त्याच्यावर नजर ठेवली.

"माझ्या अब्बांचा पाय घसरला नव्हता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "महिपतशेठ, तुम्ही त्यांना चालत्या गाडीखाली ढकललंत. मी पाहिलं. आणि मारुतीभाऊ, तुम्हीही पाहिलंत."