देवघरातली किल्ली आणि मी

मित्रांनो, शंभरी गाठलेली मी एक दुनळी बंदूक आहे. दचकू नका, माझ्या पोटात आत्ता काडतूस नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात माझा जन्म झाला. पक्ष्यांमागे माळरानावर दिवसभर चालावे लागते, म्हणून कारागिरांनी मला मुद्दाम हलके घडवले. जेमतेम पावणेतीन किलो! या अंगकाठीचा मला आजही गर्व आहे.

माझे तीन मालक झाले. तिसरा वारला आणि मी नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात एका दुकानात येऊन पडले. नळ्यांवर गंज, दस्त्याला ओरखडे. नव्या बंदुका हातोहात विकल्या जात, माझ्याकडे मात्र वीस वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही.

मग मोरेश्वर आला. त्याच देशातल्या आल्मेरे शहरात राहणारा, शिकारीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेला. त्याने कारागिराकडून नळ्या पुन्हा काळ्याभोर करून घेतल्या. दस्ता मात्र स्वतः घासला आणि महिनाभर रोज तळहाताने जवसाचे तेल जिरवले. अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा पुन्हा दिसू लागल्या. त्याची बायको मेधा म्हणायची, "माझ्या डोक्याला कधी इतकं तेल लावलंस का रे?"

दोन हंगाम आम्ही शेतांच्या कडेने फेझंट पक्ष्यांमागे हिंडलो. बाकीचे दिवस मी लोखंडी कपाटात एकटी. इथला कायदा कडक आहे. ज्याच्या नावावर परवाना, कपाटाची किल्ली फक्त त्याच्याच हाती हवी. मोरेश्वरने ती देवघराच्या खणात ठेवली. देवापाशी कोण हात घालणार, असे त्याला वाटले. पण देवघर तर मेधाचे!

गेल्या खंडेनवमीला तो ऑफिसात होता. हंगाम तोंडावर आला होता. मेधाने मला बाहेर काढले, हळदकुंकू लावले, फूल वाहिले, हात जोडले आणि पुन्हा कपाटात ठेवले. दुपारी दोन पोलीस तपासणीला आले. मोरेश्वर घरी नाही हे कळताच ते परत निघाले.

"परत कशाला जाता? मी दाखवते ना!" मेधाने कौतुकाने कपाट उघडले.

"किल्ली तुम्हाला मिळते?" एकाने विचारले.

"घरातच असते की. आज आमच्याकडे शस्त्रांची पूजा. सकाळी मीच बाहेर काढली होती."

ते तिच्याशी नीटच बोलले, पण जाताना मला घेऊन गेले.

मोरेश्वरचा परवाना रद्द झाला आणि मी पुन्हा त्याच दुकानात आले. मला दुकानाच्या नावावर करण्याच्या कागदांवर सही करायला तो आला, तेव्हा मेधाही सोबत होती. "मी चांगल्यासाठीच गेले रे करायला," ती रडत म्हणाली.

"चूक माझीच. किल्ली तिथे मी ठेवली होती," तो म्हणाला. त्याने दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि ते गेले.

आता एका हॉटेलवाल्याने मला मागितले आहे. सोमवारी माझ्या नळ्या कायमच्या बंद करून मला भिंतीवर टांगणार आहेत. मित्रांनो, मला फार एकटे वाटते. एखादी जोखमीची वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला नुसता जीव लावू नका, तिचा नियमही पाळा. देवाच्या भरवशावर किल्ली ठेवू नका.

मेधावर मात्र माझा राग नाही. शंभर वर्षांत चार मालकांनी मला खांद्याला लावले. मला हात जोडणारी ती एकटीच.